बॅटरी भरलेली, मग बोटीतला दिवा मंद का?

मंडळी, आपल्या नाथसागराचं पाणी गोडं. पण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या जुन्या बोटीत खारी हवा तारांच्या जोडांत शिरते, तांब्यावर हिरवा थर चढतो. आता गंमत बघा. बल्ब काढून होल्डरला मीटर लावला, तर पुरते 12.6 व्होल्ट दिसतात. कारण वीज वाहतच नसते! म्हणून दिवा लावूनच मोजा. बॅटरीवर 12.4 आणि दिव्यापाशी 10 आले, तर मधले 2.4 व्होल्ट वाटेतच गेले. मग प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना मीटर लावा. आकडा मोठा दिसेल तो जोड कापून नवा करा. परतीची तारही तपासा. डावीकडचा लाल, उजवीकडचा हिरवा दिवा दिसला नाही, तर अंधारात समोरच्या बोटीला तुम्ही कुठे निघालात हे कळणार कसं?