न तोडता खायचं पान्सित

फिलिपिन्समध्ये वाढदिवसाला केक नसला तर चालतं. पान्सित हा नूडल्सचा पदार्थ नसला तर घरातली वडीलधारी माणसं बेचैन होतात. नूडल्स जितक्या लांब तितकं आयुष्य लांब, ही श्रद्धा. म्हणून त्या कापायच्या नाहीत, वाढतानाही शक्यतो तुटू द्यायच्या नाहीत. नाताळच्या मध्यरात्रीच्या ‘नोचे बुएना’त पान्सित हवं, तसंच ३१ डिसेंबरच्या ‘मेदिया नोचे’तही. नववर्षाच्या त्या जेवणात सगळंच शकुनाचं: बारा महिन्यांची बारा गोल फळं, नशीब घराला चिकटून राहावं म्हणून चिकट तांदळाचा गोड ‘बिको’. कोंबडी मात्र अनेक घरांत वर्ज्य. ती माती उकरून दाणा टिपते, आणि नव्या वर्षात हातावरचं पोट कुणालाच नको असतं. अशा घरांत त्या रात्रीच्या पान्सितमध्येही कोंबडीऐवजी कोळंबी पडते.

हा शकुन आला चीनच्या फूजियान प्रांतातल्या माणसांबरोबर. स्पॅनिशांनी १५७१मध्ये मनिला राजधानी केली. तिथला व्यापार आणि कारागिरी पुष्कळशी या चिनी लोकांच्या हातात होती, तरी त्यांना तटाबाहेरच्या ‘पारियान’ वस्तीत राहावं लागे. ख्रिस्ती झालेल्यांसाठी १५९४मध्ये नदीपलीकडे बिनोंदो वसवलं गेलं. १६०३च्या चिनी उठावानंतर हजारो चिनी मारले गेले, आणि पुढे त्याच शतकात अशा कत्तली पुन्हा झाल्या. पुढचं वर्ष दिसेल की नाही याची ज्यांना शाश्वती नव्हती, त्यांनी या देशाला दीर्घायुष्याचा पदार्थ दिला. पान्सितच्या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते.

घराघरांत ते पोचलं कष्टकऱ्यांच्या मार्गाने. एकोणिसाव्या शतकात मनिलाच्या चिरूट कारखान्यांत बायका मोठ्या संख्येने कामाला होत्या. घरी रांधायला त्यांना सवड नसे, आणि चिनी फेरीवाल्यांच्या गरम नूडल्सना त्या हक्काचं गिऱ्हाईक होत्या. त्यातूनच ‘पान्सितेरिया’ नावाची खानावळ उभी राहिली. होसे रिझाल यांच्या १८९१च्या ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ या कादंबरीत विद्यार्थी अशाच एका खानावळीत जमतात आणि एकेक पदार्थ सत्ताधाऱ्यांना ‘अर्पण’ करतात. पान्सित चिनी की फिलिपिनो, हा वाद तिथेही निघतो. त्या वादाआडून रिझाल देश नेमका कुणाचा, हेच विचारत होते.

खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासक डोरीन फर्नांडेझ यांनी दाखवून दिलं की परका पदार्थ गावोगावच्या हाताला लागून आपला होतो. पान्सित याचा भक्कम पुरावा. मनिलाजवळच्या मालाबोन या मासेमारांच्या गावी जाड तांदळाच्या नूडल्सवर कालवं, माकुळ आणि कोळंबी येते. लुकबानचं ‘हबहब’ केळीच्या पानावर व्हिनेगर शिंपडून, पान थेट तोंडाला लावून खातात. काटा-चमचा नाही, हातही नाही. कविते प्रांतात माकुळाच्या शाईने ते काळंभोर होतं. इलोइलो शहरातलं मोलो हे जुनं चिनी वस्तीचं ठिकाण. तिथल्या ‘पान्सित मोलो’त एकही नूडल नसते, असतात रश्शात शिजलेल्या मांसाच्या पुरचुंड्या.

सणाला मान ‘पालाबोक’ या पान्सितचा. त्याचा केशरी रंग येतो शेंदरीच्या बियांचा. हे झाड मेक्सिकोकडचं, तिथून मनिलाला ये-जा करणाऱ्या स्पॅनिश गलबतांच्या काळात आलेलं. बिया कोमट पाण्यात चोळून रंग काढतात, त्यात कोळंबीच्या डोक्यांचा रस घालून दाट सॉस आटवतात. उकडलेल्या तांदळाच्या नूडल्स ‘बिलाओ’त, म्हणजे बांबूच्या गोल सुपात, केळीच्या पानावर पसरायच्या. वर सॉस, धुरी दिलेल्या माशाचा चुरा, कुरकुरीत तळलेली डुकराची कातडी, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या. कालामान्सी हे सुपारीएवढं लिंबू ज्याने त्याने आपल्या घासावर पिळायचं. परतलेल्या ‘बिहोन’ या प्रकाराची रीत निराळी. नूडल्स रश्शातच शिजवून रस्सा पूर्ण जिरवतात आणि दोन मोठ्या चमच्यांनी खालून वर उचलत कालवतात. ढवळलं की तुकडे पडतात, आणि तुकडे पडले की शकुन गेला.

आज पान्सित समुद्रावरही आहे. जगभरच्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो खलाशी मोठ्या संख्येने आहेत, आणि रत्नागिरी-रायगडची मुलंही त्याच जहाजांवर नोकरी करतात. जहाजाच्या स्वयंपाकघरात कुक फिलिपिनो असला की वाढदिवसाला पान्सित होतंच, मग वाढदिवस लुकबानच्या पोराचा असो की गुहागरच्या.