शुगर आणि हाडे : वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे



एरवी या पानावर आम्ही लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. या खेपेला उसाऐवजी ऊसकऱ्याच्या हाडांविषयी लिहीत आहोत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. शुगर डोळ्यांना, मूत्रपिंडाला, पायांना बाधते हे गावोगाव ठाऊक झाले आहे. हाडांनाही बाधते, हे मात्र फारसे कानावर नसते.

नवलाची बाब अशी की, उतारवयातल्या टाईप दोनच्या मधुमेह्याच्या हाडांची घनता मोजली तर ती पुष्कळदा चांगली, किंबहुना इतरांपेक्षा थोडी जास्तच भरते. तरीही खुब्याचे हाड मोडण्याचा धोका त्यालाच अधिक असतो. असे का?

उन्हापावसात पडून राहिलेला कासरा पाहा. जाडी तीच, वजनही जवळपास तेच. पण बैलाने हिसका दिला की तटकन तुटतो. हाडात कॅल्शियमबरोबर कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. हाडाचा चिवटपणा त्यांच्यामुळे. रक्तात वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली की ती या धाग्यांना चिकटते, धागे ताठर होतात. शिवाय जुने हाड झिजून नवे भरण्याचे कामही मंदावते. घनता मोजणाऱ्या यंत्राला हा ठिसूळपणा दिसत नाही.

त्यात भर पडण्याची. पायाला बधिरपणा, नजर अधू, आणि गोळी घेऊन जेवण चुकले तर साखर उतरून चक्कर. अशात रात्रीची लाईट आली म्हणून सत्तरीचे आजोबा एकटेच दारं धरायला निघतात. ओल्या वरंब्यावर पाय सटकला की खुबा गेलाच म्हणून समजा. मग ऑपरेशन, महिनोन्‌महिने अंथरूण, आणि सगळे घर त्याच कामाला.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

१) पासष्टी ओलांडलेल्या मधुमेह्यांनी हाडांच्या घनतेच्या तपासणीबाबत डॉक्टरांना विचारावे. अहवाल ठीक आला तरी गाफील राहू नये. किरकोळ पडण्याने पूर्वी हाड मोडले असल्यास तेही सांगावे.

२) तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी. साखर आटोक्यात हवी. पण वारंवार फार उतरणेही वाईटच.

३) पायोग्लिटाझोन या गोळीने हाड मोडण्याचा धोका वाढतो, विशेषतः स्त्रियांमध्ये. ती चालू असेल तर डॉक्टरांशी बोलावे. आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये.

४) दूध-ताक, नाचणी, तीळ आहारात असावेत. ड जीवनसत्त्व कमी असल्यास सल्ल्याने घ्यावे. विडी-सिगारेट सोडावी. रोज चालावे, पायांत ताकद राहते, तोल सांभाळता येतो.

५) रात्रीचे पाणी घरातल्या तरण्या पोरांनी धरावे. वडिलांना जावेच लागले तर बॅटरी, पायात घट्ट पादत्राणे आणि सोबतीला माणूस हवा. न्हाणीघरात शेवाळ साचू देऊ नये, धरायला दांडी बसवावी.

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. ज्यांना वाचणे जमत नाही, अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना हा मजकूर जरूर वाचून दाखवावा, ही आमची आग्रहाची विनंती.