मांजराच्या पानात काय नको?

मुलांनो, भिगवणच्या बाजारातून उजनी धरणाचे मासे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील अनेक घरांत येतात. पिशवी उघडताच मांजर पायांत घोटाळू लागते. आपल्या ताटातले उरलेले त्याला घालावे, असे तुम्हाला वाटते. पण आपल्याला पचते ते सारे मांजराला पचत नाही. असे का, ते पाहू.

कांदा आणि लसूण मांजराचे मोठे शत्रू आहेत. त्यांतील गंधकयुक्त पदार्थांमुळे मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. कांदा शिजवला, तळला किंवा वाळवला, तरी हा दोष जात नाही. म्हणून कोरम्याचा रस्सा किंवा बिर्याणीतले मटण त्याला देऊ नका. मांजर लगेच आजारी दिसत नाही. काही दिवसांनी ते मलूल होते, त्याच्या हिरड्या फिकट पडतात, त्याला धाप लागते.

आपल्या भागात द्राक्षांच्या बागा आहेत. द्राक्षे आणि मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे दिसून आले आहे. मांजरालाही हा धोका संभवतो. तेव्हा मनुका घातलेला शीरखुर्मा त्याच्यापुढे ठेवू नका. चॉकलेट आणि चहाही त्याला घातक आहेत.

मांजराला दूध आवडते. पण पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही व जुलाब होतात. केवळ दूध-चपातीवर मांजर निरोगी राहत नाही. त्याला टॉरिन नावाचे द्रव्य लागते. ते मांस व मासळीत असते. ते कमी पडल्यास मांजराचे हृदय दुबळे होते, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 1987 साली दाखवून दिले.

मग द्यावे काय? मीठ-मसाला न घालता उकडलेले मासे किंवा कोंबडीचे मांस द्या. काटे व हाडे आधी काढा. ती घशात अडकतात. पिण्यास स्वच्छ पाणी ठेवा.

एक गोष्ट कधीही विसरू नका. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका. हे औषध निकामी करण्याची शक्ती त्याच्या यकृतात फार कमी असते. एका गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो.

मांजराने असे काही खाल्लेच, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. त्याला ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. काय खाल्ले, किती आणि केव्हा, ते डॉक्टरांना सांगा. मुके जनावर बोलू शकत नाही. त्याच्या वतीने तुम्हीच बोलायचे असते.

स्वाध्याय
1. कांदा खाल्ल्याने मांजराच्या रक्तावर काय परिणाम होतो?
2. तुमच्या घरी काल जेवायला काय होते? त्यातले मांजराला काय चालेल व काय चालणार नाही, ते लिहा.