शिधापत्रिका तपासा, घरखर्च हलका करा

भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत घराचे अंदाजपत्रक पावसावर बसविलेले असते. (वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले असले, तरी बोलण्यात जुनेच नाव रूढ आहे.) दिवाळीच्या सुमारास भात खाचरातून घरी येते. काही देण्याघेण्यात जाते, काही बाजारात जाते आणि उरलेले कणगीत पडते. कणगीचा तळ दिसू लागतो तो नेमका आषाढ-श्रावणात. लावणीची मजुरी, मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च व आजारपण याच वेळी दारात उभे असते. मग वाण्याकडून धान्य उधार येते आणि पुढील हंगामाचे भात शेतात उभे असतानाच त्याचा हिशेब होऊन जातो.

या अडचणीवर सर्वांत जवळचा उपाय प्रत्येकाच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो. तो म्हणजे शिधापत्रिका. परंतु तिच्यावर काय लिहिले आहे, हे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला व महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यानुसार अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळते, मग घरात माणसे दोन असोत की आठ. प्राधान्य कुटुंबास मात्र माणशी ५ किलो मिळते. पूर्वी तांदूळ ३ रुपये व गहू २ रुपये किलो या दराने मिळत असे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. तेव्हा प्राधान्य कुटुंबाच्या पत्रिकेवरील एका नावाची किंमत वर्षाला ६० किलो धान्य एवढी होते. भात भरडले असता साधारण दोन-तृतीयांश तांदूळ उतरतो, हे शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. म्हणजे ६० किलो तांदळासाठी सुमारे ९० किलो भात पिकवावे लागेल. मध्यम उताऱ्याच्या खाचरात हे दोन ते तीन गुंठ्यांचे पीक झाले. सुनेचे व दोन नातवंडांचे नाव पत्रिकेवर चढले नसेल, तर ते घर दरवर्षी सात-आठ गुंठ्यांचे पीक सोडून देत आहे, असे समजावे.

सुनेचे नाव राहून जाते त्याचे कारण बहुधा माहेरी असते. तेथील पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणल्यावाचून सासरी ते चढत नाही. मुलगी घाटाखालून, महाड-पोलादपूरकडून आलेली असेल, तर या दाखल्यासाठी कोणी वरंध घाट उतरून जात नाही. लग्नाच्या याद्या होतात तेव्हाच हा दाखलाही ठरवून घ्यावा.

पत्रिकेच्या रंगावरूनही पुष्कळ घोटाळा होतो. १९९९ पासून राज्यात पिवळी, केशरी व पांढरी अशा तीन रंगांच्या पत्रिका आहेत. केशरी पत्रिका असली म्हणजे धान्य मिळतेच असे नाही. तिच्यावर ‘प्राधान्य कुटुंब’ हा शिक्का असावा लागतो. ग्रामीण भागात या शिक्क्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये ठेवण्यात आली. पात्र असूनही शिक्का नसलेल्या कुटुंबाने तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा. तेथे ‘इष्टांक भरला आहे’ असे उत्तर मिळण्याचा संभव आहे. लाभार्थ्यांची संख्या ठरवून दिलेली असल्याने हे उत्तर खोटे नसते. तथापि अर्ज देऊन पोच घ्यावीच, कारण नावे कमी झाली की जागा मोकळी होते. येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. वारलेल्या आजोबांचे किंवा सासरी गेलेल्या मुलीचे नाव पत्रिकेवर तसेच ठेवणे ही पुष्कळांस चतुराई वाटते. प्रत्यक्षात त्या नावाने अडविलेली जागा वाडीतल्याच एखाद्या विधवेची असू शकते.

कातकरी वस्त्यांकडे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांनी, विशेष लक्ष द्यावे. आदिम जमातीची कुटुंबे अंत्योदय योजनेस पात्र धरलेली आहेत. परंतु यांपैकी अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर वा कोळसा पाडण्यास जातात आणि गावच्या दुकानातील शिधा तसाच राहतो. आता आधार पडताळणी झालेल्या पत्रिकेवर देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. शिरवळ, खेड शिवापूर वा पुण्याकडे कामास गेलेल्यांनाही ही सोय आहे. हे त्यांस निघण्यापूर्वी सांगावयास हवे. परतल्यावर सांगून काय उपयोग?

शेतात राबलेल्या हातांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, ही तक्रार खरी आहे. हात धुऊन, पुसून दुसऱ्या बोटाने प्रयत्न करावा. तरीही न जमल्यास दुकानदाराने पर्यायी पद्धतीने धान्य द्यावयाचे आहे. केवळ ठसा जुळला नाही म्हणून पात्र कुटुंबास रिकाम्या हाताने परत पाठविणे नियमास धरून नाही. त्यासाठी १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

हीच पत्रिका इतर दारेही उघडते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज घेतले गेले, तेव्हा पिवळी वा केशरी पत्रिका असणाऱ्या स्त्रियांस उत्पन्नाच्या दाखल्याची गरज पडली नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर विनामूल्य ठरले, पण गॅसजोडणी स्त्रीच्या नावे असण्याची अट होती. जोडणी पतीच्या नावे असल्याने कित्येक घरे मागे राहिली. निराधारांसाठी संजय गांधी योजना व ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ मध्ये त्यांचे अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले. त्यांचा अर्ज तहसीलदारांकडे जातो, आणि दरवर्षी हयातीचा दाखला दिला नाही तर अनुदान थांबते.

विजेच्या बिलाबाबत थोडेच सांगावयाचे आहे. शंभर वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळाला तर महिन्यास १५ युनिट होतात. नऊ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाही. पावसाळ्यात मीटरचे वाचन न होता सरासरीने बिल येते, यास्तव दर महिन्याच्या एका ठराविक तारखेस मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा. बिलाबद्दल वाद झाल्यास हाच पुरावा उपयोगी पडतो.

हे सर्व काम मृगापूर्वी आटोपले पाहिजे. पानशेतच्या जलाशयापलीकडील घोळ, भाटघरच्या पाण्यामागील भुतोंडे किंवा हिर्डोशी खोरे येथील माणसास तहसीलला एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे होय, आणि लावणीच्या दिवसांत तर तो येणारच नाही. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मे महिन्यात एक दिवस वाडीवर बसून पत्रिका उलगडून पाहाव्यात, राहिलेल्या नावांची यादी करावी, व सर्वांचे अर्ज एकत्र तालुक्यास न्यावेत. प्रत्येक अर्जाची पोच त्याच घराच्या शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवावी.