भयाची आठवण आणि पेल्याची ओढ

मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि हैदराबादेतील दारूची दुकाने व कल्लू कंपाउंडे एकाएकी बंद झाली. थोड्याच दिवसांत एर्रागड्डा येथील मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णांची रीघ लागली. कोणाचे हात थरथरत होते, कोणाला नसलेली माणसे दिसत होती, कोणी झटके येऊन कोसळत होते. दारू पिऊन नव्हे, ती न मिळाल्याने आजारी पडलेली ही माणसे. 2015 साली निजामाबादकडे भेसळीच्या शिंदीवर कारवाई झाली, तेव्हाही असेच घडले होते. त्या शिंदीत डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोरल हायड्रेट अशी गुंगीची द्रव्ये मिसळलेली असत. पिणाऱ्यास एका व्यसनाऐवजी दोन जडत, आणि दुसऱ्याचे नावही त्या बापड्यास ठाऊक नसे.

मद्य मेंदूतील शमनाचे पारडे जड करते. रोजच्या पिण्याने मेंदू उत्तेजनाची बाजू वाढवून तोल सावरून धरतो. मग मद्य अचानक काढून घेतले की ते वाढलेले उत्तेजन मोकाट सुटते. पहिले दोन-तीन दिवस तर जिवावर बेतण्याचे असतात.

हे शरीराचे झाले. पण थरथर ओसरल्यावरही मनुष्य पुन्हा गुत्त्याकडे का वळतो? अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील संशोधकांनी या प्रश्नाचा एक धागा उंदरांवरील प्रयोगांत शोधला. उंदराला एका पेटीत ठेवून पायांना विजेचा सौम्य धक्का दिला की ती पेटी त्याच्या स्मरणात भयाची जागा होऊन बसते. पुढे धक्का न देता नुसते त्याच पेटीत सोडले, तरी तो जागच्या जागी थिजतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, मद्याची सवय लावून नंतर ते तोडलेल्या उंदरांना अशी आठवण करून दिल्यावर त्यांचे आपखुशीने मद्य पिणे वाढलेले आढळले. मद्य तुटल्याची बेचैनी आणि जागी झालेली भीती एकत्र आली, की पेल्याचे मोल वाढते. तो आता मौजेसाठी नव्हे, सुटकेसाठी हवा असतो.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही सुलतान बाजार, काचीगुडा या आपल्या जुन्या वस्त्यांतील घरे डोळ्यांसमोर येतात. अब्रूपोटी डॉक्टरला कळवायचे नाही. कर्त्या पुरुषास खोलीत कोंडायचे. आणि नेमक्या त्याच दिवसांत आईने, पत्नीने, थोरल्या भावाने जुन्या रात्रींचा पाढा वाचायचा, मुलाबाळांच्या शपथा घालायच्या. त्यांचा संताप खोटा नसतो. त्या रात्री त्यांनीच सोसलेल्या असतात. पण वेळ चुकते, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो हिशेब महिना-दोन महिन्यांनी मांडला तरी चालेल. झटक्यांचा धोका मात्र तोवर थांबत नाही.

रुग्णालयात या दिवसांत जीवनसत्त्व ब-1 देतात, झोप व पाणी यांवर लक्ष ठेवतात आणि मेंदू शांत करणारे औषध मोजून देऊन रोज थोडे थोडे कमी करीत नेतात. पुष्कळदा ते औषध डायझेपामच असते; शिंदीत बेहिशेबी कालवले जात होते, तेच.