अजिंठ्याचें जहाज आणि दिवाडीचे नौकाकार

अजिंठा पाहण्यासाठीं आमच्या छत्रपती संभाजीनगरास येणारे पाहुणे पद्मपाणीसमोर जितका वेळ रेंगाळतात, त्याच्या दशांशहि दुसऱ्या लेण्यांतील जहाजासमोर थांबत नाहींत. आम्हीहि अनेकदां त्यावरून ओझरती नजर फिरवून पुढें गेलों आहोंत. कथा सोपाऱ्याच्या पूर्णाची. त्याच्या भावाचें जहाज समुद्रांत संकटांत सांपडलें आणि पूर्णाच्या कृपेनें तरलें. तीन डोलकाठ्या, उंच चौकोनी शिडें, सुकाणूचीं वल्हीं, वर मांडलेल्या घागरी. 5 व्या शतकांतील चित्रकारानें, समुद्रापासून इतक्या दूर, हें सारें बारकाईनें रंगविलें आहे.

या चित्रावरून खरेंखुरें जहाज पाण्यांत उतरविणारे गृहस्थ म्हणजे गोव्याचे श्री. रत्नाकर दांडेकर. मांडवी नदींतील दिवाडी बेटावर त्यांचा नौकांचा कारखाना आहे. पण त्यांचें नांव झालें तें शर्यतीच्या आणि पृथ्वीप्रदक्षिणेच्या नौकांमुळें.

एकट्या भारतीयानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा ध्यास. कमांडर दिलीप दोंदे त्यासाठीं पुढें आले, आणि नौका बांधण्याचें काम दांडेकरांकडे आलें. आराखडा हॉलंडच्या व्हान डे स्टाड यांच्या कचेरींतला, लांबी 56 फूट. तेव्हां आम्हांस हें स्पष्ट सांगितलें पाहिजे, कीं दांडेकर हे मूळचे आराखडे काढणारे नव्हेत, बांधणारे आहेत. परंतु कागदावरील रेघ चुकली तर ती खोडतां येते. दक्षिण महासागरांत सांधा उकलला तर एकट्या खलाशानें काय करावें? ‘म्हादेई’ फेब्रुवारी 2009 मध्यें नौदलांत दाखल झाली. दोंदे 19 ऑगस्टला मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणीं थांबून मे 2010 मध्यें परतले. पुढें 2012-13 सालीं अभिलाष टॉमी यांनीं तिच्यांतूनच कोठेंहि न थांबतां प्रदक्षिणा केली. ‘तारिणी’ हीहि दांडेकरांचीच. 2017-18 सालीं नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यांतून जग फिरून आल्या.

मग आली ‘थुरिया’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं 1968-69 ची गोल्डन ग्लोब शर्यत जिंकली ती ‘सुहेली’ मुंबईंत सागवानाची बांधलेली होती. तिचा आराखडा अमेरिकेच्या विल्यम ॲटकिन यांचा. 2018 च्या शर्यतीसाठीं दांडेकरांनीं तिचीच प्रतिकृति टॉमींना बांधून दिली. सप्टेंबरांत हिंदी महासागराच्या दक्षिणेस वादळानें ती पालथी केली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली. फ्रेंच जहाजानें 24 सप्टेंबरला त्यांची सुटका करीपर्यंत त्यांस हलतांहि येत नव्हतें. परंतु तोंवर ‘थुरिये’चें अंग तरतें राहिलें, आणि तिच्या पोटांत ते जिवंत राहिले. आमच्या मतें बांधणाऱ्याची खरी परीक्षा ती, विजयाची ढाल नव्हे.

अजिंठ्याच्या जहाजाला तर आराखडाच नव्हता. चित्रांत पाण्याखालचा भाग दिसत नाहीं. खोली किती, तळ कसा, हें भिंत सांगत नाहीं. संजीव सान्याल यांची ही कल्पना. जुलै 2023 मध्यें सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि दांडेकरांची ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यांत करार झाला. नौदलानें आकार बसविला, मद्रासच्या आयआयटीनें प्रतिकृतीची पाण्यांत परीक्षा घेतली. फळ्यांना खिळा नाहीं! केरळचे कारागीर बाबू शंकरन् आणि त्यांच्या सोबत्यांनीं फळ्यांस छिद्रें पाडून त्या काथ्याच्या दोरीनें शिवल्या. सांध्यांत नारळाचा काथ्या आणि राळ. आपल्या घरीं गोधडी शिवतात तशी ही शिवण, मात्र समुद्राशीं टक्कर देणारी. खिळ्यानें जखडलेली फळी लाटेच्या माऱ्यानें चिरते, शिवलेली थोडी लवते.

सुमारें 19.6 मीटर लांबीचें हें जहाज 21 मे 2025 रोजीं कारवार येथें ‘कौंडिण्य’ या नांवानें नौदलांत आलें. 29 डिसेंबरला तें पोरबंदरहून यंत्राविना, शिडांच्या बळावर निघालें आणि 14 जानेवारी 2026 रोजीं मस्कतच्या बंदरांत शिरलें.