एका बाटलीवर दोन नावे : ‘कास्क फिनिश’ व्हिस्की चाखताना

नवी दिल्ली : भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या व्यापार करारात स्कॉच व्हिस्कीवरील १५० टक्के आयात शुल्क प्रथम ७५ टक्के आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवण्याची तरतूद आहे. शुल्काचा विषय निघाला की चर्चा मोठ्या ब्रँडभोवती फिरते. स्कॉटलंडमध्ये मात्र असाही एक जुना व्यवसाय आहे, ज्याच्या बाटलीवर दोन नावे असतात : एक, व्हिस्की जिथे तयार झाली त्या डिस्टिलरीचे, दुसरे, ती निवडून बाटलीत भरणाऱ्याचे. या दुसऱ्याला ‘स्वतंत्र बॉटलर’ म्हणतात.

अॅबर्डीनमध्ये १८४२ साली सुरू झालेली कॅडनहेड, एल्गिनमधील किराणा दुकानातून १८९५ पासून वाढत गेलेली गॉर्डन अँड मॅकफेल आणि १९८८ मधील सिग्नेटरी ही त्यांतील ठळक नावे. स्कॉटलंडमधील बहुतेक माल्ट पूर्वापार मिश्र व्हिस्कीसाठीच खपत आले. त्यातील काही पिंपे विकत घेऊन, वर्षानुवर्षे सांभाळून, एकेक पिंप वेगळे विकणे हा या मंडळींचा धंदा. काही डिस्टिलऱ्या आपले नाव वापरू देत नाहीत. मग पिंपात दुसऱ्या डिस्टिलरीचे चमचाभर माल्ट मिसळूनच ते विकले जाते. तेवढ्यानेही कायद्याच्या दृष्टीने ते ‘सिंगल माल्ट’ उरत नाही!

स्कॉच ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरावी लागते. अमेरिकेत बर्बनसाठी दरवेळी नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप बंधनकारक असल्याने तेथील वापरलेली पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला येतात. अशा पिंपात दहा-बारा वर्षे मुरलेली व्हिस्की अखेरचे काही महिने, कधी दोन-तीन वर्षे, शेरी, पोर्ट, रम किंवा वाइनच्या पिंपात ठेवणे म्हणजे ‘फिनिश’. बाल्व्हेनीच्या डेव्हिड स्ट्यूअर्ट यांनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी ही पद्धत रुजवली, असे मानले जाते. जून २०१९ मध्ये नियम सैल झाले आणि टकिला, मेझकल, काल्व्हाडोस यांच्या पिंपांनाही वाट मिळाली.

खरा प्रश्न इथून सुरू होतो. मोठ्या कंपनीला शेकडो पिंपांची चव एकमेकांत मिसळून तोल साधता येतो. स्वतंत्र बॉटलरच्या हाती पुष्कळदा एकच पिंप असते. ते तीन-चारदा वापरून निःसत्त्व झालेले असेल, तर आतील व्हिस्की वयाने मोठी होते, चवीने होत नाही. अशा वेळी फिनिश तिला सावरते. यात गैर काही नाही. पण दुसऱ्या पिंपात ती किती काळ होती, हे लेबलवर सांगण्याचे बंधन नाही. ‘१२ वर्षे’ हा आकडा दोन्ही पिंपांची बेरीज असतो. म्हणून निवाडा जिभेलाच करावा लागतो.

रंगावर विसंबू नये. स्कॉचमध्ये साधे कॅरामेल रंगासाठी घालता येते. अनेक स्वतंत्र बॉटलर ते टाळतात आणि तसे लेबलवर नमूद करतात. तोंडाशी निमुळता होणारा पेला घेऊन प्रथम पाण्याविना वास घ्यावा, मग थेंबाथेंबाने पाणी घालावे. पिंपातून थेट भरलेल्या व्हिस्कीत मद्यार्क अनेकदा ५५ ते ६० टक्के असतो. धुरकट गंध देणारा ग्वायाकोल हा रेणू मद्यार्क ५९ टक्क्यांहून अधिक असताना द्रवाच्या आत दडून राहतो आणि पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे येतो, असे स्वीडनमधील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपातून दाखवले.

शक्य असल्यास त्याच डिस्टिलरीची फिनिश न केलेली व्हिस्की शेजारी ठेवावी; याइतकी चांगली कसोटी नाही. मनुका, सुके अंजीर, अक्रोड हे शेरीचे गंध पहिल्या घोटात भरभरून येतात आणि पुढे केवळ लाकडाचा तुरटपणा उरतो, तेव्हा फिनिश वरवरचे आहे असे समजावे. सातूचा गोडवा, फळांचा आंबटपणा किंवा पीटचा धूर घोट गिळल्यावरही जाणवत असेल, तर दुसऱ्या पिंपाने डिस्टिलरीला पुसलेले नाही. अनेक महागड्या बाटल्या या कसोटीवर उतरत नाहीत.

फिनिशचे महिने मोजताना हवामानही पाहावे लागते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के द्रव उडून जातो. बेंगळुरूत अमृतला दहा टक्क्यांहून अधिक घट सोसावी लागते. गोव्यात पॉल जॉनही उष्ण, दमट हवेतच व्हिस्की मुरवते. उष्णतेत लाकूड लवकर आपला अर्क सोडते, त्यामुळे थोडे महिनेही इथे पुष्कळ ठरतात.

दरम्यान, सिंगल माल्टची मागणी वाढल्याने डिस्टिलऱ्या आपली पिंपे स्वतःकडेच राखू लागल्या आहेत. गॉर्डन अँड मॅकफेलने २०२३ मध्ये जाहीर केले की, २०२४ पासून इतरांच्या डिस्टिलरीतील नवे मद्य पिंपांत भरणे थांबवून बेनरोमाक आणि द केर्न या स्वतःच्या डिस्टिलऱ्यांवर भर दिला जाईल. आधी भरलेली पिंपे मात्र तिच्या गोदामांत मुरत असून ती पुढील अनेक वर्षे टप्प्याटप्प्याने बाजारात येत राहतील.